रंगून, बँकॉक, सिंगापूर, मार्गे मुरलीधराचे देऊळ

कीर्तनात आधी पूर्वरंग होतो, मग नामाचा गजर होतो, मग बुवा उपरणे सावरून आख्यानाला हात घालतात. ही हकीकत मात्र पहिल्या वाक्यापासूनच अशी धावत सुटली की पूर्वरंगाला सवड मिळाली नाही. तेव्हा एवढेच धरून चालावे : वणीत रामराव नावाचे एक सद्गृहस्थ होते. दिवसा ते जिनिंग फॅक्टरीत हेडक्लार्क असत आणि संध्याकाळी मुरलीधराच्या देवळात बुवांच्या मागे बसून पेटी वाजवीत. फॅक्टरीत शेठ त्यांना "ओ रामराव" अशी लांबून हाक मारी. देवळात बुवा नुसते मागे वळून पाहत, आणि तेवढ्यात रामरावांचे बोट पांढरी पाच या पट्टीवर जाऊन बसलेले असे. गावात रामरावांना जो काही मान होता तो त्या बोटाचा होता. तो राहतो की जातो, एवढाच पुढच्या आख्यानाचा प्रश्न.

आणि तो जायची वेळ आणली गुलाबसिंगने.

गुलाबसिंग फौजेत ड्रायव्हर होता. लढाई संपल्यावर काही काळ मलायात राहून तो परत आला, आणि आता स्वतःचा ट्रक घेऊन राजूरच्या खाणीतला कोळसा वाहत होता. फॅक्टरीच्या आवारात रुईच्या गाठींवर बसून तो, रामराव आणि म्युनिसिपालिटीच्या शाळेतले भीमराज गुरुजी अशा तिघांच्या रोज गप्पा होत. सन साठ होते. मे महिन्यात नवे राज्य झाले होते, आणि जो तो काहीतरी नवे करावे म्हणत होता. त्या भरात गुलाबसिंगने सिंगापूर काढले.

"रात्री बी दुकानं उघडीच राह्यते, रामराव. लाइट असा की सुई पडली तं दिसन. नायलॉनच्या साड्या अशा टांगून ठेवते, आपल्या इथं अंबाडीच्या जुड्या टांगते तशा. घड्याळं, रेडिओ, सेंट. अन् मंग नाच."

"कायचा नाच?" रामरावांनी इकडेतिकडे पाहून विचारले.

"पाह्यल्यावर समजते. सांगून समजत नाही."

"तुम्ही पाह्यला काय?" भीमराज गुरुजींनी मास्तराच्या स्वभावाप्रमाणे मुद्द्यावर बोट ठेवले.

गुलाबसिंगने एक सुस्कारा सोडला. "सायेब आतमंदी पाहे. मी बाहेर ट्रक घेऊन उभा राहो."

त्या सुस्काऱ्यात पंधरा वर्षांचा उपवास होता. सज्जन माणसाला दुसऱ्याचा उपवास पाहवत नाही. रामरावांच्या मनात त्याच क्षणी विचार आला की हा उपवास कोणीतरी सोडवला पाहिजे, आणि सोबत म्हणून आपणही पंगतीला बसले पाहिजे. पाहता पाहता बेत ठरला. कलकत्त्याहून बोटीने रंगून, तिथून बँकॉक, तिथून सिंगापूर. रंगूनचे नाव गुरुजींनी घातले. बाबासाहेबांच्या मागे नागपूरला जाऊन दीक्षा घेतल्यापासून तिथला सोन्याचा पॅगोडा एकदा डोळ्यांनी पाहायचा, हे त्यांच्या मनात होते.

"दिवसा पॅगोडा पाहू," ते म्हणाले, "मंग रात्री तुमचं काय असन ते असो."

खर्चाची गोष्ट इथे काढत नाही. ती निघाली की चांगल्या चांगल्या आख्यानांचा रंग उडतो.

आता राहिली घरी सांगायची गोष्ट. रामरावांनी वाक्य तयार केले होते : मित्रांसोबत परदेश पाहायला जातो. यात खोटे काहीच नव्हते. ते वाक्य तोंडात घोळवीत ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आत सत्यभामाबाई विळीवर भाजी चिरीत होत्या.

"जातो मी जरा... म्हणजे रंगूनकडं."

"कुठं?" भाजी चिरायची थांबली.

"रंगून. मंग बँकॉक. मंग असंच पुढं."

"कायले?"

बोलणे या 'कायले'पाशी येणार हे ठाऊक असूनही त्याचे उत्तर रामरावांनी तयार केले नव्हते. विळीचे पाते चकाकत होते. मागे देव्हाऱ्यातली समईही चकाकत होती. दोन्हींच्या मध्ये सत्यभामाबाईंचा निर्मळ चेहरा होता.

"दर्शनाले," रामराव म्हणाले. "तिथं बुद्ध भगवंताचं मोठं देऊळ आहे. सोन्याचं. गुरुजी चालले, तं म्हटलं आपणबी जावं. आपल्या दशावतारात आहेच न तो बी."

सत्यभामाबाईंनी विळी आडवी केली, पदर डोक्यावर घेतला आणि पूर्वेकडे तोंड करून हात जोडले. पूर्व दिशा चुलीच्या बाजूला होती, त्यामुळे नमस्कार आधी चुलीला पोचला. "मले वाटलंच होतं," त्या भरल्या डोळ्यांनी म्हणाल्या. "इतकी वर्षं पेटी वाजोली, देव काही तरी फळ देनच."

रामराव तसेच मागे फिरले. माणूस घसरतो तेव्हा पहिल्या पावलालाच घसरतो. पुढची सगळी पावले उतारच टाकून घेतो. संध्याकाळच्या आरतीपर्यंत सगळ्या वणीला कळले होते की रामराव सातासमुद्रापलीकडे देवदर्शनाला निघाले.

मग सुरू झाले सल्ले. शेजारचे पेन्शनर देवराव आयुष्यभर जंगलखात्यात होते. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांना समुद्राची सविस्तर माहिती होती.

"बोटीवर पानी तुमचं तुमी न्या, रामरावजी. समुद्राचं पानी खारं राह्यते."

"बोटीवर प्यायचं पाणी देतात, देवरावजी."

"कोन देते? कोन्या जातीचा देते? अन् समुद्र ओलांडला तं परत आल्यावर पेटीले हात कसा लावसान? आधी बुवाइले विचारून घ्या."

पेटी! त्यांनी तातडीने बुवांना गाठले. बुवा थोर मनाचे. ते हसून म्हणाले, "अहो, यात्रेला निघालेल्याला समुद्र आडवा येत नाही. रीतसर संकल्प सोडा, झाले. निघण्यापूर्वीच्या एकादशीला कीर्तन ठेवू आणि सगळ्या गावादेखत संकल्प करू."

रामरावांना फार बरे वाटले. एवढ्या मोठ्या संकटातून एवढ्या स्वस्तात सुटलो, असे वाटून त्यांनी बुवांच्या पायांवर डोके ठेवले. संकल्प म्हणजे काय, हे त्यांना त्या वेळी आठवले नाही. रोज डोळ्यांसमोर होणारी गोष्ट माणसाला ऐन वेळी आठवत नाही.

दरम्यान पासपोर्टासाठी तिघे यवतमाळला गेले. कचेरीतला कारकून शांत, सज्जन आणि अत्यंत भयंकर माणूस होता. त्याने रामरावांचा अर्ज पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"जन्म कुठला?"

"वणीचा."

"ते दिसलं. वणी तेव्हा वऱ्हाडात. अन् वऱ्हाड कागदावर निजामाचा मुलूख. म्हणजे जन्म कोणत्या राज्यातला लिहायचा?"

"मी तर आईच्या खोलीत जन्मलो, साहेब," रामराव कळवळून म्हणाले.

"शाळेचा दाखला सी. पी. अँड बेरारचा आहे. नोकरीचा दाखला मध्यप्रदेशाचा. राहत्या घराचा मुंबई राज्याचा. अन् अर्ज करून राह्यले महाराष्ट्रात." कारकुनाने चारही कागद पत्त्यांसारखे पसरले. "हे चारही रामराव एकच, याचा दाखला आणा."

रामराव कागदांकडे पाहत राहिले. जन्मभर ते निर्गुडा नदीच्या काठचे एक घर सोडून कुठे राहिले नव्हते, आणि तेवढ्यात सरकारने त्यांना चार मुलुख हिंडवून आणले होते. तेव्हा कोणी पासपोर्ट मागितला नव्हता. आता खरोखर निघालो तर ही चौकशी!

"अन् जाण्याचं कारण?"

गुरुजींनी सांगितले, "पॅगोडाचं दर्शन." ते खरेच होते, त्यामुळे त्यांचा आवाज स्वच्छ होता. कारकुनाने रामरावांकडे पाहिले.

"तेच," रामराव म्हणाले.

"म्हणजे?"

"देवदर्शन." हा शब्द आता सरकारदरबारी गेला होता. कारकुनाने गुलाबसिंगकडे मान वळवली.

"मी याइच्या सोबत," गुलाबसिंग म्हणाला. "हे आतमंदी जातीन, मी बाहेर उभा राहीन. मले सवय आहे."

परतीच्या मोटारीत गुरुजी खिडकीकडे तोंड करून बसले होते. मारेगाव मागे पडले तेव्हा ते म्हणाले, "रामरावजी, खोटं बोलणार नाही, असं शील घेतलेलं आहे मी. तुमच्या खोट्याले मी मान डोलावून राह्यलो, हे काही बरं नाही."

"गुरुजी, आपण दर्शन घेणार आहोत न रंगूनले?"

"हाव."

"मंग खोटं कुठं झालं? थोडं कमी सांगतलं, एवढंच."

गुरुजींनी पुन्हा खिडकीकडे तोंड केले. रामरावांनी आपले वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिले. मोटार खड्ड्यातून गेली आणि ते वाक्य पोटातच आपटले.

घरी आले तो ओसरीवर नारळ होते. आपल्याकडची रीतच आहे : कोणी यात्रेला निघाले की ज्यांना जाता येत नाही ते आपला नारळ त्याच्या हाती देतात. पाय त्याचे, पुण्य दोघांचे. काशीला जाणाऱ्याला हे जमते. पण रंगूनला! एक नारळ सोनाराकडचा, एक हळदीच्या दुकानदाराचा, एक ज्यांच्या मुलाला मुलगा व्हायचा होता त्यांचा. सत्यभामाबाई प्रत्येक नारळाला कुंकू लावून कोणाचा कोणता ते पाठ करीत होत्या. रोज सकाळी रामराव उठत तो त्या ओळीत भर पडलेली असे. शेंड्या त्यांच्याकडेच वळलेल्या असत. झोपेत त्यांना एक रंगीत दिव्यांचा नाच दिसे, आणि नाचणाऱ्यांच्या डोक्यांवर शेंड्या असत.

मग पोलीस आला. पासपोर्टाच्या चौकशीचा शिपाई होता, पण गल्लीत सगळी दारे उघडली. शिपायाने ओसरीवर बसून चहा घेतला.

"माणूस कसा आहे?" त्याने सत्यभामाबाईंनाच विचारले.

"कसा म्हणजे? देवाशिवाय कुठंच जात नाही. फॅक्टरी, घर अन् देऊळ. बाहेरच्या बाईकडं कधी मान वर करून पाह्यलं असन तं शपथ."

"तिकडं काय कामानं चालले?"

"सांगा न," सत्यभामाबाई नवऱ्याकडे वळून अभिमानाने म्हणाल्या. "तुमच्या तोंडानं सांगा."

रामरावांनी सांगितले. शिपायाने टोपी काढली आणि जाता जाता एक नारळ आणून देतो म्हणाला.

एवढ्यावर निभावले असते. पण एके दिवशी इंदूबाई आली. इंदूबाई ही गुरुजींची आत्या, थकलेली, शेतात राबून काळी पडलेली. तिच्या ओंजळीत पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी होती. ती ओसरीवर चढली नाही, पायरीपाशीच उभी राहिली. सत्यभामाबाईंनी तिला हाताला धरून वर आणून बसवले.

"रामरावभाऊ, भीमराज मायासाठी नेनच. पन तो भुलक्कड हाय. म्हणून तुमच्याजवळ देतो." तिने पुरचुंडी पुढे केली. "मायाच वावरातले तांदूळ हायेत. या साली पह्यल्यांदा मायं नाव लागलं त्या वावरावर. मुठभर निवडून ठेवले. तिथं त्याच्या पायापाशी ठेवसान?"

रामरावांनी दोन्ही हात पुढे केले. पुरचुंडी मुठीएवढी होती, पण हात खाली गेले. नारळांबद्दल त्यांची अजून अशी समजूत होती की कलकत्त्याला कुठल्या तरी देवळात एकदम फोडून टाकू. या तांदळांचे काय करावे हे त्यांना सुचेना. ते त्यांनी पेटीच्या झाकणात ठेवले. त्या दिवसापासून पेटी वाजवताना झाकण उघडले की पांढरे फडके दिसे, आणि बोट काळ्या पट्टीवर पडे.

एकादशीच्या दुपारी गुरुजी फॅक्टरीत आले. "मी आत्याले खरं सांगून टाकतो," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "तिचे तांदूळ तुमच्या पेटीत हायेत अन् तुम्ही नाचाचे बेत करून राह्यले. मले घास गिळवत नाही."

"गुरुजी, उद्या सांगा," रामराव हात जोडून म्हणाले. "आज कीर्तन आहे. आज सगळं गाव जमून राह्यलं. उद्या मी स्वतः तुमच्यासोबत येतो, तिच्या पाया पडतो. आजचा दिवस जाऊ द्या, बापा!"

गुरुजी हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ते नुसते निघून गेले. रामरावांना वाटले, यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर पत्ता लागला असता.

आणि संध्याकाळी देवळाकडे निघताना गुलाबसिंगची बायको सोनीबाई सत्यभामाबाईंना भेटायला आलेली. आरशांचा बंजारा घागरा, फेटिया, नेसलेली, हातभर चुडा, आणि बोलणे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे.

"बाई, मले भेव वाटून राह्यलं," ती म्हणत होती. "आमच्या तांड्यात सेवालाल म्हाराजाची पूजा राह्यते, तवा हा मानूस ट्रकखाली निजून राह्यते. अन् आता म्हनते देवाले जातो! ह्याले काही झालं तं नाही? का ह्याले देव कोनी दुसराच दाखोला?"

तिने रामरावांकडे पाहिले. तिच्या ओढणीवरच्या प्रत्येक आरशात रामरावांना आपला चेहरा दिसला, आणि एकही चेहरा निर्दोष नव्हता.

"काई बी बोलतं, सोनीबाई," सत्यभामाबाई हसून म्हणाल्या. "हे आहेत न सोबत."

देऊळ भरून वाहत होते. मंडपात बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. ओसरीवरचे सगळे नारळ हारीने गाभाऱ्यापुढे मांडलेले. बाहेर मंडपाच्या खांबापाशी गुरुजी उभे होते. ते देवाला येत नसत, मित्राला आले होते. त्यांच्या पायाशी इंदूबाई बसली होती आणि ती सरळ रामरावांकडे पाहत होती. गुरुजींनी तिला सांगितले होते की नव्हते? त्या चेहऱ्यावरून काही कळेना. रामरावांनी पेटीचे झाकण उघडले, फडके पाहिले आणि भाता ओढला.

बुवांना काय बुद्धी झाली कोणास ठाऊक, त्यांनी नेमके एका सत्यवचनी राजाचे आख्यान लावले. राजाने वचनासाठी राज्य दिले. बुवा मागे वळले. रामरावांचे बोट चुकीच्या पट्टीवर होते. राजाने घर सोडले. पुन्हा बोट चुकले. तबलजीने भुवया वर केल्या. बुवा मात्र भाविक. त्यांना वाटले, यात्रेच्या ओढीने यांचे मन आधीच पुढे गेले आहे. त्यांनी श्रोत्यांना तसे सांगितलेही. "पाहा, हा भाव! सूर सुटला, पण देव सुटला नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. रामरावांना वाटले, आपल्याला कोणी पेटीत घालून वरून झाकण लावील तर बरे.

मग बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. "आता संकल्प. रामराव, या. वहिनी, तुम्हीही."

पाट मांडला होता. पुढे ताम्हन, पळी, पंचपात्री. रामराव बसले. सत्यभामाबाई त्यांच्या उजव्या अंगाला बसल्या.

"वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा," बुवा म्हणाले. "धर्मकार्यात पत्नीचा हात लागला की ते कार्य दोघांचे होते." सत्यभामाबाईंनी उजव्या हाताची बोटे नवऱ्याच्या मनगटावर टेकवली. बुवांनी रामरावांच्या ओंजळीत पळीभर पाणी घातले आणि सुरुवात केली. कोणते युग, कोणता द्वीप, गोदावरीची कोणती बाजू, सगळे सांगून झाले. कोणते राज्य एवढे मात्र देवाने विचारले नाही; कारकुनापेक्षा देव बरा, असे रामरावांना वाटून गेले. गोत्र ठाऊक नव्हते तर बुवांनी काश्यप घातले.

"आता कारण," बुवा थांबले. "मी संस्कृतात म्हणेन, पण आधी यजमानाने आपल्या तोंडाने सांगायचे. हातात पाणी आहे. ऐकणारा गाभाऱ्यात आहे. कशासाठी जाता?"

आणि तेव्हा रामरावांना संकल्प म्हणजे काय ते आठवले.

बायकोशी बोललेले एक, कचेरीत बोललेले एक. पण हातावर पाणी घेऊन? त्यांनी तोंड उघडले. पाणी बोटांच्या फटीतून गळून गेले.

"घाई नको," बुवा म्हणाले आणि पुन्हा पळी घातली. "मन भरून आले आहे. म्हणा."

मंडपात हालचाल थांबली. रामरावांना मुरलीधर दिसत होता, नारळांच्या शेंड्या दिसत होत्या, खांबापाशी इंदूबाई दिसत होती. मनगटावरची सत्यभामाबाईंची बोटे ऊबदार होती, आणि त्या बोटांना सगळे कळत असणार, नाडी धडधडते ते तरी नक्की. दुसरेही पाणी गळून गेले.

"काय झालं, अवो?" सत्यभामाबाई कुजबुजल्या. "दर्शनासाठी म्हणा न."

तिसरी पळी आली. रामरावांनी डोळे मिटले.

"नाच पाहाले," ते म्हणाले.

बुवा पुढे झुकले. "काय?"

"नाच पाहाले चाललो, बुवा!" रामरावांचा आवाज एकदम एवढा मोठा आला की शेवटच्या रांगेतले पेन्शनर देवराव जागे झाले. "सिंगापूरले रात्रीचा नाच राह्यते. तो पाहाले. अन् नायलॉनच्या साड्या घ्याले, घड्याळ घ्याले. देवाचं नाव मी मधातच घातलं. हे एवढे लोक नारळ घेऊन आले, मी एकालेबी नाही म्हटलं नाही. गुरुजींचा दोष नाही. गुलाबसिंगचा बी नाही, तो तर सांगूनच राह्यलता. खोटं मी बोललो."

सवयीने तबलजीने सम दिली. ती त्या शांततेत फार मोठी वाजली.

बायकांच्या बाजूने सोनीबाईचा चुडा खळकन वाजला आणि तिचे "मी म्हनतच होती!" सगळ्यांना ऐकू गेले. रामरावांच्या ओंजळीत तिसऱ्या पळीचे पाणी अजून तसेच होते. ओंजळीतले पाणी हातात घेऊन माणसाला उठताही येत नाही, पळताही येत नाही. पेटी गेली, मान गेला, आता निदान हे पाणी तरी कुठेतरी जावे, असे त्यांना झाले.

बुवांनी पंचांग बाजूला सारले. "रामराव," ते हळू म्हणाले, "संकल्प अर्ध्यावर टाकता येत नाही. देश झाला, काळ झाला, नाव झाले. आणि कारणही तुम्ही देवापुढे सांगून टाकले." त्यांनी गाभाऱ्याकडे पाहून हात जोडले, जणू परवानगी घेतली, आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "सपत्नीकोऽहं नृत्यदर्शनार्थं वस्त्रक्रयणार्थं च सिंहपुरपर्यंतां यात्रां करिष्ये. सोडा पाणी!"

रामरावांनी सोडले. ताम्हनात आवाज झाला. मंडपात कोणीतरी फिसकन हसले, मग आणखी कोणी, आणि मग मंडप असा हसला की दिवट्या हलल्या.

सत्यभामाबाई हसत नव्हत्या. त्यांचा हात अजून नवऱ्याच्या मनगटावर होता. इतकी वर्षे पेटीवाल्याच्या बायकोने कीर्तने ऐकली होती. संस्कृत येत नसले तरी शब्द ओळखीचे होते.

"बुवा," त्या म्हणाल्या, "तुम्ही सपत्नीक म्हणाले काय?"

"म्हणावेच लागते, वहिनी. हाताला हात होता."

"म्हणजे मीनं बी संकल्प सोडला?"

"सोडला."

"नाच पाह्याचा?"

बुवांनी एकदा मुरलीधराकडे पाहिले. "पाहायचा."

सत्यभामाबाईंनी हात काढून घेतला, पदर नीट केला आणि नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलं? देवापुढं बोललो आपण. आता नाही गेलो तं पाप लागन. तुम्ही मले सांगतलं असतं तं मी घरी राह्यली असती, रडली असती. आता मले यावंच लागते."

रामरावांच्या डोळ्यांसमोर रंगीत दिवे आले, नाच आला, आणि पहिल्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन, मांडीवर नारळ घेऊन बसलेल्या सत्यभामाबाई आल्या. ते काकुळतीने म्हणाले, "अवो, पण..."

"पण नाही. अन् साड्या मी पाहून घेईन. तुमाले रंग समजत नाही."

तेवढ्यात खांबापाशी इंदूबाई उठली. हसू थांबले. रामरावांनी पेटीचे झाकण उघडून पुरचुंडी काढली आणि मान खाली घालून ते तिच्याकडे गेले.

"इंदूबाई, हे तुमचे..."

"मले भीमराजनं दुपारीच सांगतलं," इंदूबाई म्हणाली. "मी तवाच येऊन मागून नेले असते. पन म्हटलं, पाहू, हा मानूस काय करते." तिने त्यांची मूठ पुरचुंडीवर बंद केली. "तुमी कोन्या कामानं जाता ते तुमचं तुमी पाहा, भाऊ. रंगून तं वाटेतच हाय न? मंग ठेवा तेवढे त्याच्या पायापाशी. पह्यले तांदूळ. मंग तुमचा नाच."

बुवांनी मागे वळून पाहिले. आरती राहिली होती. रामराव बिचकत पेटीपाशी गेले, बसले, आणि बोट कुठे ठेवावे या विचारात असतानाच ते आपसूक पांढरी पाचवर जाऊन बसले.

पुढच्या आठवड्यात यवतमाळच्या त्या कारकुनाने मान वर केली तेव्हा टेबलापुढे रांग होती. सर्वांत पुढे डोक्यावर पदर घेतलेल्या सत्यभामाबाई, त्यांच्यामागे चुडा खळखळवीत सोनीबाई, तिच्यामागे गुरुजींच्या पत्नी प्रभावतीबाई. गुरुजी आणि गुलाबसिंग भिंतीशी उभे होते. गुलाबसिंगचा चेहरा पुन्हा बाहेर उभे राहावे लागणार हे समजून चुकलेल्या माणसाचा होता. सगळ्यांत मागे रामराव होते.

"जाण्याचं कारण?" कारकुनाने सत्यभामाबाईंना विचारले.

"नाच पाहाले."

लेखणी थांबली. "बाई, सरकारी कागद आहे हा."

"देवापुढं सांगून झालं बाप्पा, तुमच्या कागदाले काय भ्यायचं? लिहा."

कारकुनाने लिहिले. मग सोनीबाईचे लिहिले, "ह्याले पाहाले," असे ती नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली होती. मग प्रभावतीबाईंचे लिहिले. शेवटी घाम पुसून त्याने मागे उभ्या असलेल्या रामरावांना ओळखले. चार राज्यांतले ते एकच रामराव.

"अन् तुम्ही? देवदर्शन की नाच? काय ते एकदा पक्कं सांगा."

रामरावांनी कोटाच्या आतल्या खिशाला हात लावला. पांढरे फडके तिथेच होते.

"मी," ते म्हणाले, "तांदूळ पोचवाले चाललो."